दोन्या नेरेइदाची सुई

फ्लाकोने ताकद वाढवायचं चोरटं औषध घेतलं असं म्हणणाऱ्याची आमच्या वस्तीत खैर नव्हती. एकदा बेंजामिन म्हाताऱ्याने डॉमिनो खेळता खेळता नुसतं "काहीतरी असेलच की" एवढंच म्हटलं, तर दोन्या नेरेइदाने त्याचा अख्खा पट उलटवून टाकला. म्हातारा बिचारा तासभर टेबलाखाली सोंगट्या शोधत बसला होता.

ही दोन्या नेरेइदा, म्हणजे आपली नेरेइदाबाई, सान पेद्रोच्या साखर कारखान्यामागच्या वस्तीतली सुई टोचणारी. कारखान्याच्या दवाखान्यात आधी फरशी पुसायची, तिथेच बघून बघून शिकली. वस्तीत असा कुल्ला शोधून सापडायचा नाही ज्याला तिची सुई लागलेली नाही. सुई उकळलेली, हात धुतलेले, आणि हात इतका हलका, की तान्हं पोर भोकाड पसरायच्या आत तिचं काम झालेलं असायचं. आणि जीभ? ती मात्र सुईहून जास्त टोचणारी.

फ्लाको म्हणजे हडकुळा. खरं नाव एलिहिओ, पण ते त्याच्या बाप्तिस्म्यालाच काय ते वापरलं असेल. आई गेल्यावर तो नेरेइदाकडेच जेवायचा. पोर म्हणजे निव्वळ चिपाड, पण बेसबॉलचा चेंडू दिसला की बॅट कशी फिरवावी हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. पोरं हेरून अमेरिकेतल्या संघांना दाखवणाऱ्या तिर्सोने त्याला मैदानावर पाहिलं आणि आठवड्याला एक बाटली घेऊन तो नेरेइदाच्या दारात यायला लागला. "दोन्या, ताकदीची जीवनसत्त्वं आहेत. तुझ्याच हाताने टोच, पोर तुलाच घाबरत नाही." नेरेइदाने टोचली. वर्ष उलटलं तशी फ्लाकोच्या सदऱ्याची बटणं लागेनात. नेरेइदा सगळ्यांना सांगत सुटली, माझा भात आणि माझी सुई, बघा!

पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. फ्लाको तिकडे गेला आणि चेंडू असे कुंपणापार धाडले, होमरनवर होमरन, की आमच्याकडे रेडिओसमोर लोक खुर्च्या मोडायचे. पण निवृत्त झाल्यावर त्याचं घोडं अडलं ते हॉल ऑफ फेमच्या दारात. थोर खेळाडूंचा ब्राँझचा मुखवटा तिथे भिंतीवर लावतात, मतं देतात पत्रकार. पुरावा कसलाच नव्हता, नुसता संशय. आणि कुणी तोंडावर विचारलं, "कधी काही टोचून घेतलंस का?" की हा गडी हो म्हणेना, नाही म्हणेना. खाली बघत बसायचा. त्या गप्प बसण्यानेच त्याचा घात केला. आता यादीत नाव राहण्याचं हे शेवटचं वर्ष होतं, यंदा नाही तर कधीच नाही.

मतं टाकायला आठवडा राहिला असताना रेडिओवाला बोलिवार माइक घेऊन चागोच्या कोपऱ्यावरच्या दुकानात आला. थेट कार्यक्रम, विषय फ्लाकोचा. तिथे मत द्यायचा हक्क असलेला आपल्यातलाच एक पत्रकार फोनवर होता. चागो म्हणाला, "तेव्हा सगळेच घ्यायचे, मग यालाच शिक्षा का?" बेंजामिन म्हणाला, "घेतलं असेल तर नको. जे न घेता तिकडून हात हलवत घरी परतले त्यांचं काय?" बेंजामिनचा स्वतःचा मुलगा असाच परतला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिथेच बसलेल्या नेरेइदाने बोलिवारच्या हातातून माइक ओढलाच.

"अरे मेल्यांनो, त्या पोराच्या अंगात जे गेलं ते या हातांनी गेलंय! स्टेरॉइड म्हणे! ते जिममधल्या अमेरिकन ग्रिंगोंचं खूळ. माझ्या पोराला मी फक्त जीवनसत्त्वं टोचली. चांगली महागातली, बाटलीवर घोड्याचं चित्र होतं. दर आठवड्याला! लिहून घ्या!"

चागोच्या हातातली सोंगटी हातातच राहिली.

"दोन्या," फोनवरचा पत्रकार हळूच म्हणाला, "ती जीवनसत्त्वं नव्हती. शर्यतीच्या घोड्यांना टोचतात ते स्टेरॉइड होतं."

"काय बोलतोस तू?"

तिने बोलिवारकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता. तिने चागोकडे बघितलं.

"दोन्या…" चागो चाचरत म्हणाला, "आम्हाला वाटायचं तुला माहीत आहे. म्हणूनच तू एवढी भांडतेस."

बेंजामिननेच तिला खुर्ची दिली, ज्याचा पट तिने उलटवला होता त्याने. तिने आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे ती ते बघत राहिली. शी! खोटं कशाला सांगू, त्या वेळी तिच्याकडे बघवत नव्हतं.

राजधानीतून गाडी हाणत फ्लाको दिवेलागणीला पोचला. रेडिओवर त्याने सगळं ऐकलं होतं.

"तुला माहीत होतं?" तिने दारातच विचारलं.

"तिकडे गेल्यावर कळलं, मावशी. संघाच्या डॉक्टरला घोड्याचं चित्र सांगितलं, तर तो पोट धरून हसला."

"मग?"

"मग पुन्हा हात लावला नाही. तुझी शपथ."

"अरे मुडद्या, मग सांगून टाकायचं होतंस! सुटला असतास!"

"सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता? टोचलं कुणी?"

नेरेइदाने कपाळावर हात मारून घेतला. ती रडली, त्याला शिव्या घातल्या, पुन्हा रडली. मग सवयीने उठून तिने भात आणि राजमा वाढला. ताट त्याच्यापुढे ठेवताना तिच्या तोंडून निघून गेलं,

"एलिहिओ, ते होमरन तुझे होते की त्या घोड्याचे?"

इतक्या वर्षांत तिने त्याला कधी खऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

"चेंडू मला दिसायचा, मावशी, एवढं नक्की," तो म्हणाला. "पण कुंपणापार कोण धाडायचं, ते मलाच माहीत नाही. माझ्या हातात मत असतं तर मी मला दिलं असतं का, तेही माहीत नाही. तू आज दुपारपासून विचारतेयस. मी तो डॉक्टर हसला तेव्हापासून विचारतोय."

दोघं ताटाच्या दोन बाजूंना बसून राहिली. भात निवून गेला.