विंग हेच

त्या काकांचं नाव मला अजून माहीत नाही, पण वारज्यातली माझी वॉचमनची नोकरी वाचली ती त्यांच्यामुळेच. रोज सकाळी ते आमच्या सोसायटीच्या गेटवरून जातात. काही बोलायचं असलं की आधी थांबून चष्मा पुसतात.

मी नववीतून शाळा सोडलेला, किनवटकडचा. नवीनच लागलो होतो. केरळहून आलेल्या एका मॅडमच्या सामानाचा टेम्पो गेटवर आला. कुठं पाठवू म्हणून मी फोन केला.

"विंग हेच," त्या म्हणाल्या.

"हेच?"

"येस येस, हेच!"

मी समोरच्याच ए विंगमध्ये सोफा, कपाट सगळं वर चढवायला लावलं. मॅडम तिकडे एच विंगखाली वाट बघत उभ्या. त्यांच्याकडे एचला हेच म्हणतात, हे मला काय ठाऊक!

सुपरवायझर साहेब मॅडमना घेऊन गेटवर आले आणि ओरडले, "एबीसीडी येत नाही? उद्यापासून येऊ नकोस!"

गावी कोणत्या तोंडानं जाणार?

जाता जाता थांबून हे सगळं ऐकणाऱ्या काकांनी चष्मा पुसला. "अहो साहेब, पोराचं मराठी चोख आहे. 'हेच' म्हटल्यावर त्यानं हेच केलं. काढायचंच असेल तर इंग्रजीला काढा."

मी हिंदीत अर्थ सांगितल्यावर मॅडम पोट धरून हसल्या. मग साहेबांनाही हसावं लागलं. काका तोवर चालायलाही लागले होते.

दिवाळीनंतर रजा मिळाली की त्यांच्यासाठी आईच्या हातची जवसाची चटणी आणणार आहे. पुण्याच्या माणसाला झेपेल एवढंच तिखट घालायला सांगीन.