बॉनेटवरचं जनावर

गोखिवऱ्याला एका बाजूला केळ्याचे वेफर तळणारा आणि दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणारा, अशा दोघांच्या मध्ये शत्रुघ्न घरतचा गाळा आहे. जुने ट्रक हौसेने पुन्हा उभे करणारी माणसं त्याला शोधत येतात. ज्या ट्रकांच्या कंपन्या कधीच बुडाल्या आणि ज्यांचे सुटे भाग भंगारातही सापडत नाहीत, त्यांचं दाराचं हँडल, दिव्याची कडी, रेडिएटरचं झाकण, काहीही तो पुन्हा बनवून देतो. अट एकच, नमुना आणायचा. डावं हँडल द्या, उजवं घेऊन जा.

आपण बनवलेला भाग ट्रकला लावल्यावर कोणाला ओळखू आला, तर शत्रुघ्नचं जेवणात लक्ष लागत नसे. "आपलं काम दिसलं म्हणजे ते बिघडलं," असं तो म्हणे. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात जाऊन तो आपल्या हँडलपाशी मुद्दाम उभा राही आणि लोक त्याकडे न बघता पुढे गेले की खूश होऊन घरी येई.

त्याच्या बायकोचं, मीराचं, या धंद्याबद्दलचं मत जरा वेगळं होतं. तिच्या माहेरची पितळेची घागर एकदा पितळ कमी पडलं म्हणून भट्टीत गेली होती. कोणी विचारलंच, तर ती शांतपणे सांगे, "घागर ना? पुण्याला असते ती. एका ट्रकच्या दिव्याभोवती."

अशा या माणसाकडे गेल्या वर्षी दिवाळीनंतर वसईचा सॅन्टन लोपीस आला. त्याच्या आजोबांचा केळी वाहणारा विलायती ट्रक वाडीतल्या आंब्याखाली गंजत पडला होता. बँकेतून निवृत्त झाल्यावर सॅन्टनने तो दुरुस्तीला काढला होता.

"सगळं झालं," तो म्हणाला. "इंजिन चालतंय, रंग झाला, सीट झाल्या. फक्त बॉनेटवरचं शोभेचं जनावर राहिलंय."

"नमुना?"

"नमुना असता तर जनावर राहिलं असतं का?"

"मग फोटो तरी?"

सॅन्टनने मोबाइल पुढे केला. एका जुन्या लग्नाचा फोटो होता. मागे ट्रक, पुढे वऱ्हाड, आणि बॉनेटच्या बरोबर टोकासमोर हॅट घातलेला एक आडवातिडवा गृहस्थ.

"हे कोण?"

"पप्पांचे मामा. वारले."

"जरा बाजूला उभे राहिले असते," शत्रुघ्न हळहळला. "बरं, जनावर कोणतं होतं?"

"देवदूत."

"देवदूत जनावर कसा असेल?"

"पंख होते, शत्रुघ्नभाऊ. मी लहानपणी बघितलेत. पण आमची क्लारा आत्या म्हणते कोंबडा होता. आमचा जुना ड्रायव्हर रामनाथ म्हणतो घोडा."

शत्रुघ्नने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण तो सॅन्टनबरोबर ट्रक बघायला गेला आणि फसला. एवढा देखणा ट्रक, आणि बॉनेटच्या टोकाला नुसती दोन भोकं. पुढचे दात पडलेला नवरदेव बोहल्यावर उभा राहावा तसं ते त्याला वाटलं. तो काम घेऊन आला.

पुढच्याच रविवारी चर्चमधून परस्पर क्लारा आत्या गाळ्यात हजर झाल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, आवाज पंचविशीतला. शत्रुघ्नने जनावर घडवायला मेणाचा गोळा समोर ठेवला होता. "तुरा मोठा काढ," त्या खुर्ची ओढून म्हणाल्या. "माझ्या बापाचा ट्रक. पुढच्या सीटवर बसून मी तो तुरा बघत शाळेत गेलेय."

शत्रुघ्नने तुरा काढला. तेवढ्यात कामणहून सॅन्टनने रामनाथकाकांना आणलं. त्यांनी चष्मा पुसला, मेणाकडे बघितलं आणि पहिल्यांदा क्लाराबाईंना रामराम केला.

"बाय, हा तुरा नाय. ही आयाळ हाय. घोडा होता तो."

"रामनाथ, तुझे डोळे तेव्हाही असेच होते. म्हणून तर तू ट्रक खाजणाच्या चिखलात घातलास."

"खाजणात तुमच्या बापानी घातला! मी बाजूला बसलेलो! आन् पुसायचं कोन रोज? मी पुसायचो. हातानी पुसलेलं जनावर मानूस इसरल का?"

शत्रुघ्नने तुऱ्याची आयाळ केली. क्लाराबाईंनी खुर्ची सोडली. त्याने आयाळीचा पुन्हा तुरा केला. रामनाथकाकांनी चहा नाकारला. शेजारचा वेफरवाला आणि बादल्यांवरचे कामगार काम टाकून दारात जमले आणि त्यांच्यातही दोन पक्ष पडले. "पंखांचं विसरू नका," सॅन्टन मधूनमधून म्हणत होता; त्याच्या पक्षात कोणीच नव्हतं. शेवटी हातातल्या मेणाचं बटाट्यासारखं काहीतरी झालं आणि सभा उठली.

त्यानंतर शत्रुघ्नचा हातच चालेना. उभ्या आयुष्यात त्याने एकही वस्तू मनाने केली नव्हती. समोर नमुना असला की त्याचे हात आपोआप वळत. आता ते मांडीवर पडून राहिले. घरी तो भाजीकडे बघत बसला की मीरा विचारी, "हिचा पण नमुना पाहिजे का?"

वैतागून तो चांदीपला गावी गेला आणि शेताच्या बांधावर बसून राहिला. समोर चुलत्याची म्हैस चरत होती. तिच्या पाठीवर एक बगळा होता. म्हशीने अंग झाडलं तसा त्याने तोल सावरायला मान पुढे काढली, पंख अर्धे उघडले, डोक्यामागची पिसं विस्कटली, आणि पुन्हा साहेबासारखा स्थिर झाला. शत्रुघ्न बघतच राहिला. मग चुलतीने जेवायला हाक मारली तरी न थांबता गोखिवऱ्याला परतला.

मेणाचं रूप झालं, साचा झाला, पितळ ओतलं. (बाजारातून आणलेलं पितळ, मीराने पावती बघितली.) कानस मारून, घासूनपुसून, निकेलचा मुलामा देऊन ते जनावर ट्रकवर चढलं. पुढे झेपावलेली मान, मानेवर काहीतरी उडणारं, आणि अर्धवट उघडलेले पंख.

वाडीत सगळे जमले.

"बघ," क्लारा आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "कोंबडा."

"घोडाच हाय," रामनाथकाका म्हणाले आणि खांद्यावरच्या टॉवेलने तो पुसायला लागले.

सॅन्टनने फक्त छातीवर क्रुसाची खूण केली.

जानेवारीत तो ट्रक मुंबईला प्रदर्शनात गेला. शत्रुघ्न मीराला घेऊन गेला आणि सवयीप्रमाणे बाजूला उभा राहिला. पण लोक पुढे जाईनात. जो येई तो बॉनेटपाशी थांबे, वाके, फोटो काढे. शत्रुघ्नला चोरी पकडल्यासारखं झालं. "चल, घरी जाऊ," तो मीराला म्हणाला. मीराने त्याचा दंड धरून ठेवला.

एक सुटाबुटातले जाणकार भिंगातून जनावर निरखत होते. त्यांनी विचारलं, "फारच दुर्मीळ दिसतंय. कुठली बनावट आहे?"

शत्रुघ्नला खोटं बोलता येत नव्हतं. "चांदीप," तो म्हणाला.

"चांदीप." त्यांनी मान डोलावली. "इंग्लंडमध्ये कुठे आलं हे?"

"शिरसाडवरून आत वळायचं," मीरा म्हणाली.

त्यांना सगळं खरं सांगायला शत्रुघ्नला बराच वेळ लागला. नमुना नव्हता, हॅटवाले मामा आडवे आले, म्हैस, बगळा, सगळं. जाणकारांनी ऐकून घेतलं आणि आपल्या ट्रकसाठी तसंच एक करून मागितलं.

आता अशी मागणी अधूनमधून येते. शत्रुघ्न प्रत्येकाला आधी बजावतो की हे मूळ नाही, असं जनावर कुठल्याच कंपनीच्या ट्रकवर कधी नव्हतं. लोक हो हो म्हणतात. मग तो गाळ्याचं दार लोटून घेतो, कारण क्लारा आत्या हल्ली दर रविवारी येतात, आणि प्रत्येक नव्या जनावराचा तुरा आधीच्यापेक्षा लहान आहे, असं त्यांचं म्हणणं असतं.