नवताऱ्याची वाटणी

मुलुंडला पाइपलाइनजवळच्या मैदानावर पावसाळ्यात चिखलातला फुटबॉल चाले. त्या फुटबॉलचा सगळ्यात मोठा जाणकार होता दशरथ परब, आणि त्याने जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पंचवीस वर्षं त्याने गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, काढली. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली, आणि तो औषधांच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. पण चार साच्यांवर एकदम नजर ठेवायची सवय काही गेली नाही. मैदानावर सगळे चेंडूकडे बघत, हा चेंडू नसलेल्या गड्यांकडे बघे. गोल खाल्ला की चाळीतल्या पोरांना सांगे, "आता काय बोंबलताय? धागा मगाशीच तुटला होता."

स्पर्धा चार मंडळांची. दशरथचं मंडळ नवतारा, त्याच्याच चाळीचं. सत्त्याऐंशी साल उजाडेपर्यंत नवतारा सलग तीन वर्षं शेवटून पहिला आला होता. शेवटी चारही मंडळांच्या बैठकीत ठरलं, की यंदाही नवतारा तळाला गेला तर तो बाद, आणि त्याची जागा नव्या बिल्डिंगवाल्यांना द्यायची. त्या दिवसापासून दशरथच्या घशाखाली घास उतरेना.

एकच आशा होती. प्रत्येक मंडळाचे घरचे आठ गडी सोडले, तर इथले खेळाडू कुठल्या मंडळाला बांधलेले नसत. दर मे महिन्यात अशा मोकळ्या गड्यांची एक यादी होई आणि मंडळं पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलत. तळाला असेल त्याने आधी उचलायचं. या प्रकाराला सगळे वाटणी म्हणत, कारण अर्धी वस्ती मालवणकडची, आणि वाटणी म्हटल्यावर त्यांना कसा हुरूप येई.

गेला मोसम संपल्यावर, ऑक्टोबरपासून मेपर्यंत, दशरथच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. पहिला उचलायचा माणिक, यात शंकाच नव्हती. असा गोल मारणारा अख्ख्या मुलुंडात नव्हता. पण नवताऱ्याने गेल्या मोसमात एकोणीस गोल खाल्ले होते. माणिकने दोन घालायचे आणि आपण चार खायचे, याला काय अर्थ? गोलकीपर हवा. तो शोधायला दशरथ ड्यूटी सुटली की चालत भांडुपपर्यंत जाई. आणि एका दुपारी त्याला तो सापडला. चंद्रप्रकाश, बेकरीत पाव भाजणारा. भट्टी उतरली की अनवाणी गोलात उभा राहायचा. समोरच्याने कितीही हूल दिली तरी हा त्याच्या कमरेकडे बघायचा आणि बरोबर बाजूला झेप घ्यायचा. दशरथने त्याला चार चहा पाजले आणि हळूच त्याचं नाव यादीत घातलं, सत्तेचाळीसावं.

"कोणाला बोलायचं नाही," त्याने नवताऱ्याच्या कप्तानाला, दादूला, बजावलं. "पहिल्या फेरीत माणिक. चंद्रप्रकाशला कुत्रंसुद्धा ओळखत नाही. तो आपल्याला तिसऱ्या फेरीत आरामात मिळतो."

"झकास, काका!" दादू म्हणाला.

सहा महिने दशरथने हे गुपित बायकोलाही, जानकीलाही, सांगितलं नाही. त्याच्यासारख्या बोलघेवड्या माणसाला हे किती जड गेलं असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

वाटणीच्या संध्याकाळी गणपतीच्या मांडवाच्या जागेत चारही मंडळं जमली. स्टुलावर देवाची तसबीर मांडून समोर नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवापुढे मागणं मोठ्याने मांडायचं. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. दर वर्षी गाऱ्हाणं घालणारे अण्णा गावी गेले होते. "परबांनो, यंदा तुम्ही घाला," कोणीतरी म्हणालं. दशरथ छाती फुगवून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाशी जमली आसत. कोणाचो पाय मोडां देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले.

"वर्षभर तंटोबखेडो होवां देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता तो रंगात आला. गाऱ्हाण्यात आडपडदा ठेवायचा नसतो. देवाला सगळं नावानिशी सांगायचं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. डोळे मिटलेले, हात जोडलेले.

"आमच्या नवताऱ्याक पयल्या फेरीत माणिक गावां दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तो भांडुपच्या बेकरीतलो चंद्रप्रकाश, जेच्यासारखो गोलकीपर खंय नाय आणि जेची कोणाक खबर नाय, तो तिसऱ्या फेरीपर्यंत कोणाच्या नजरेक पडां देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दशरथने डोळे उघडले. दादूने कपाळाला हात लावला होता. दुसऱ्या क्षणी मांडवात असा हशा उसळला की नारळ गडगडत खाली आला. दशरथला वाटलं, धरणी दुभंगावी. स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या संघाची वाट लावली होती.

दादूने माणिकचं नाव घेतलं. पुढच्या दोन मंडळांनी खाली मान घालून भलतीच नावं घेतली. मग पाळी आली वज्र मंडळाची, तीन वर्षांच्या विजेत्यांची. त्यांचे अध्यक्ष शरच्चंद्र वर्तक, बँकेतले साहेब, हसत उठले. "सत्तेचाळीस नंबर. चंद्रप्रकाश."

"वर्तकसाहेब, नाव मागे घ्या," त्यांचाच कप्तान बाळा उभा राहिला.

"का रे? नियमात बसतं ना?"

"नियमात बसतं. पण आता देवासमोर आपण सगळे व्हय म्हाराजा बोललो. तुम्हीपण बोललात, मी ऐकलं."

"अरे, ते आपलं म्हणायचं म्हणून..."

"तुमच्यात असेल. आमच्यात नाही चालत. तुम्ही त्याला घ्या, मग मी वज्रातून खेळत नाही."

बाळाच्या मागे वज्रचे आणखी सात जण उठले. वर्तकांनी देवाकडे पाहिलं, आठ गड्यांकडे पाहिलं, आणि दुसरं नाव घेतलं.

तिसरी फेरी आली तेव्हा दादू उठलाच नाही. "काका, हे नाव तुम्ही घ्या," तो म्हणाला. दशरथ उभा राहिला, पण मगाचं आठवून त्याने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. शेवटी सगळ्या मांडवानेच ओरडून सांगितलं, "चंद्रप्रकाश!"

सप्टेंबरात शेवटचा सामना झाला. हरलो तर बाद, बरोबरी पुरे, असा हिशेब. चंद्रप्रकाशने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली, सामना बरोबरीत सुटला, आणि दशरथ चिखलाने माखून घरी आला. पोरांनी कीपरबरोबर त्यालाही खांद्यावर घेऊन पाडलं होतं.

"जिंकलास काय?" जानकीने विचारलं.

"तिसरे इलव!"

"चारात तिसरे? म्हणजे दोघे तुमच्या फुडे."

"त्या दोघांका घाल चुलीत," दशरथ म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसतही होता. "एक आमच्या मागे आसा गे, मागे!"