विसळून पालथा घातलेला कप

वडील जाऊन महिना झाला. आज गवती चहाच्या वासाने मला शिवाजी पेठेतल्या एका प्राध्यापकांच्या घराच्या पुढच्या सोप्यात नेऊन बसवलं.

मी दहावीत होते. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांवर प्राध्यापकांचं भाषण होतं, म्हणून शाळामास्तर असलेल्या माझ्या वडिलांनी स्वतःची टिपणांची वही त्यांना नेऊन दिली; मीही सोबत होते. वहीत आईपासून तोडून विकलेल्या मुलांबद्दल वाचताना प्राध्यापकांचा आवाज दाटून आला. "माणसं अशी कशी वागत्यात हो?" गवती चहा पिऊन झाल्यावर ते डोळे पुसत त्याच मऊ आवाजात म्हणाले, "पावणं, कप तेवढा विसळून पालथा घाला की."

कोल्हापुरात पाहुण्याला कुणी कप विसळायला लावत नाही. आम्ही बौद्ध होतो, म्हणून लावला. वडिलांनी मोरीवर कप विसळला, पालथा घातला आणि येऊन वही उचलली. "सर, ही माझ्याकडंच ऱ्हाऊ दे. तुमास्नी हिचा उपयोग न्हाय."

भाषण तरीही झालं, गाजलंही. असले उमाळे फुकट येतात.

घरी येईपर्यंत मी वडिलांशी बोलले नाही. कप विसळला म्हणून मला त्यांचीच लाज वाटत होती. लाज वाटावी असा माणूस मागे सोप्यात डोळे पुसत बसला होता, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.