नाव आण, मग तक्रार

"वरची म्हणजे कोण? नाव आण, मग तक्रार."

एवढं बोलून बाई खडूने माखलेलं बोट जिन्याकडे दाखवायच्या. तक्रार घेऊन आलेलं पोर तोंड पाडून पायऱ्या चढू लागायचं.

आमची शाळा काळाचौकीला, महापालिकेची. इमारत एक आणि शाळा दोन. तळमजला आणि पहिला मजला मराठी शाळेचा, त्यावरचे दोन मजले उर्दू शाळेचे. अशा इमारती तुम्हीही पाहिल्या असतील. दोन मुख्याध्यापक, दोन घंटा आणि दोन मधल्या सुट्ट्या, त्याही वीस मिनिटांच्या फरकाने, म्हणजे पोरं समोरासमोर यायला नकोत. सगळे देशबांधव आपले, ही प्रतिज्ञासुद्धा आम्ही आपापल्या मजल्यावर म्हणायचो. खालच्या मुलांना वरची मुलं म्हणजे नुसतीच 'वरची', आणि वरच्यांना आमची म्हणजे 'नीचेवाले'. मी मराठी शाळेचा मुख्याध्यापक होतो. यात काही खटकण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नाही.

बाई सहावीच्या वर्गशिक्षिका. राहायला लालबागच्या चाळीत, मूळच्या मालवणकडच्या. बांधा बुटका, पण आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा. रागावल्या की मालवणीत शिरायच्या. "नाव काय ता सांग आधी!" म्हटलं की दांडगी पोरंसुद्धा सरळ उभी राहायची.

वरून डोक्यावर पाणी पडलं, खाली आलेला चेंडू कुणी दिला नाही, अशा कुरबुरी रोजच्या. बाईंनी एक दोनशेपानी वही घेतली आणि तीन रकाने आखले: तक्रार, नाव, शेवट. नावाशिवाय तक्रार वहीत जाणार नाही. आणि नाव तिसऱ्याकडून कळलेलं चालायचं नाही, ज्याचं त्यालाच विचारून आणायचं.

पहिल्या दिवशी आमच्या शाळेतला संदेश नावाचा मुलगा डोकं पुसत वर गेला. जिन्यावरचं बोलणं मी माझ्या खोलीत बसून ऐकलं.

"ए, तेरा नाम क्या है?"

"क्यूँ?"

"कंप्लेंट करनी है."

"इम्रान. तेरा?"

"मेरा कायको?"

"मेरेको भी करनी है ना!"

दोघंही खाली आले. बाईंनी दोघांच्या तक्रारी शांतपणे लिहून घेतल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, "संदेश, शेवट काय लिहू?" संदेश गोंधळला. "कशाचा, बाई?" बाईंनी लाल पेन उघडलं आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'मिटली'.

वरचा एक पोरगा वस्ताद निघाला. नाव विचारल्यावर त्याने थेट आपल्या मुख्याध्यापकांचंच नाव सांगितलं. बाईंनी तेही लिहून घेतलं: केळ्याची साल फेकली. मग शिपायाच्या हाती वही वर धाडली. शिपाई हसत परत आला. "साहब बोले, आइंदा ऐसा नहीं होगा." बाईंनी गंभीर चेहऱ्याने 'मिटली' लिहिलं.

वर्षभरात लाल शाईने अर्धी वही भरली आणि एका दुपारी बाई चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"सर, भूगोलात नकाशा आहे. खालचं एक मूल, वरचं एक, अशा जोड्या लावते. शाळेपासून एकमेकांच्या घरापर्यंतचा रस्ता दोघांनी चालत जाऊन काढायचा. वरचे सर तयार आहेत. तुमची परवानगी हवी."

मी बिस्कीट चहात बुडवलं आणि म्हणालो, "करा बाई. फक्त लेखी मागू नका."

ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना हे वाक्य ओळखीचं असेल. चांगलं झालं तर श्रेय शाळेचं, नाही झालं तर आपण काही बोललोच नव्हतो.

नकाशे सुंदर झाले. बेकरी, नळ, मशीद, मंडळाचा मंडप, टेलरचं दुकान. सुप्रिया नावाच्या मुलीने नसरीनच्या घराच्या वळणावर लिहिलं होतं, 'इथे कुत्रा असतो. नसरीन पण घाबरते.'

नकाशे भिंतीवर लागले आणि चौथ्या दिवशी सकाळी पाच-सहा माणसं शाळेत आली. आमच्या मुली त्यांच्या घरी का पाठवता? दुपारी दुसऱ्या बाजूची पाच-सहा माणसं आली. आमच्या मुली त्यांच्या घरी का पाठवता? दोघांचं म्हणणं शब्दाला शब्द सारखं. बाई हळूच मला म्हणाल्या, "बघा सर, निदान यांचं तरी एकमत आहे."

दोन दिवसांनी सकाळचे लोक पुन्हा आले, या वेळी महापालिकेच्या शिक्षण कार्यालयातल्या अधिकाऱ्यांना घेऊन. माझ्या खोलीत बसायला जागा उरली नाही.

"पालकांची तक्रार आहे," त्यांच्यातला पुढचा म्हणाला.

"कुठल्या पालकांची?" बाईंनी विचारलं. "नाव सांगा."

"लोक बोलतायत, बाई."

"लोक म्हणजे कोण?"

त्याला एकही नाव सांगता येईना. सुप्रियाचे वडील तर आदल्याच दिवशी येऊन नकाशाची प्रत मागून गेले होते. अधिकारी कंटाळून माझ्याकडे वळले. "मुख्याध्यापक, याला तुमची परवानगी होती का?"

मी म्हणालो, "मला याची कल्पना नव्हती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. अभ्यास करूनही चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे त्या तशा पाहायच्या. बोलल्या मात्र काही नाहीत. संध्याकाळी मी अहवाल लिहिला आणि त्यात त्यांच्या नावापुढे 'मुख्याध्यापकांच्या परवानगीविना' असे शब्द स्वतःच्या अक्षरात घातले. तो शेरा त्यांच्या सेवापुस्तकात गेला. पंधरा दिवसांत त्यांची अँटॉप हिलच्या शाळेत बदली झाली. जाताना त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली. "चालू ठेवा, सर." मी ती कपाटात टाकली आणि कपाटाला कुलूप लावलं. नकाशेही उतरवले.

बाईंचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा जिथे नको तिथे लिहिलं आहे, तेवढं पुरे.

त्यानंतर मी निवृत्त झालो, सत्काराचे नारळ घेतले, भाषणांत 'माझ्या काळातले उपक्रम' असंही म्हणालो. अँटॉप हिलला जाणारी बस समोर आली की मात्र नजर दुसरीकडे वळवायचो. अशी वीसेक वर्षं गेली.

मागच्या वर्षी फोन आला. ती सुप्रिया आता त्याच शाळेत शिक्षिका आहे. जुनं कपाट रिकामं करताना तिला वही सापडली आणि तिने ती परत सुरू केली. आता तर दोन्ही शाळांची मधली सुट्टी एकाच वेळी होते. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. "बाई येणार आहेत, सर. तुम्ही पण या."

दोन रात्री झोप लागली नाही, पण गेलो. हॉल भरला होता. संदेश आणि इम्रान, दोघांचीही पोटं सुटलेली, एकाच बाकावर दाटीवाटीने बसले होते. बाई पहिल्या रांगेत, हातात काठी, डोळ्यांवर जाड चष्मा. मला बोलायला उभं केलं. मी खूप तयारी केली होती, पण ऐनवेळी जीभ जुन्याच वळणावर गेली.

"त्या नकाशांना, खरं सांगायचं तर, त्या वेळी कुणीतरी तोंडी परवानगी दिली होती..."

"कुणीतरी म्हणजे कोण?" पहिल्या रांगेतून आवाज आला. तोच, तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा. "नाव सांगा, सर."

सगळा हॉल हसला. हे वाक्य प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं होतं. मग हसणं थांबलं, कारण मी हसत नव्हतो.

मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. परवानगी दिली होती, विचारल्यावर नाकारली, अहवालात खोटं लिहिलं, हेही सांगितलं. सांगून झालं तरी मी उभाच होतो. छातीवरचं काहीतरी उतरत होतं.

बाई म्हणाल्या, "हां. आता बसा. उभ्या उभ्या चक्कर येईल." मग शेजारच्या सुप्रियाकडून वही मागून घेऊन त्यात काहीतरी लिहीत बसल्या. सही देत असतील असं मला वाटलं.

निघताना जिन्याशी मी त्यांना गाठलं. "बाई, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमचं नाव तुम्हीच सांगायला हवं होतं, सर. तिसऱ्याकडून चालत नाही." मग काठी टेकत हसल्या. "उशीर केलात, मेल्या. पण आणलंत."

त्या आठवड्यात मी कार्यालयाला लेखी कळवलं, शेरा खोटा आहे आणि तो माझा आहे. पोच आली. बाईंना फोनवर वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "लेखी दिलंत? शाबास!"

गेल्या महिन्यात बाई गेल्या. शोकसभेनंतर सुप्रियाने वही माझ्यासमोर उघडून धरली. थरथरत्या अक्षरातली, मेळाव्याच्या दिवसाची नोंद. तक्रार: सर घाबरले. नाव: माझं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तिसऱ्या रकान्यात लाल शाई होती.

'मिटली.'