रुखवतात आलेले समुद्र

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मुलीकडच्यांनी रुखवत मांडलं होतं. शेवया, कुरडया, मण्यांचा राजहंस, नेहमीचं सगळं होतं. पण मधोमध, भिंतीला दोन खिळे ठोकून, एक नकाशा टांगलेला. जुन्या काळातल्या जगाचा. त्यात शिडाची जहाजं, डोळे वटारलेले मासे आणि सगळी नावं लॅटिन. बायका बघायला येत आणि मला विचारत, "बाई, तुमी भूगोल शिकवता नं, काय लिवलं आहे याच्यावर?" अक्षरं इंग्रजीचीच होती, पण एका शब्दाचा अर्थ लागेल तर शपथ. मी चष्मा पुसला, वाकून बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "जुनाट आहे. आता चालत नाही असं."

तेव्हा नवरी बाजूलाच उभी होती. ती नुसती हसली. त्या दिवसापासून मी माझ्या भावजयीवर जळते. उगाच आडपडदा कशाला ठेवू?

लग्नाआधी ती चंद्रपूरला एका मिशनच्या शाळेत ग्रंथालयात मदतनीस होती. तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरला लॅटिन यायचं. भिंतीवरचा तो नकाशा दाखवून सिस्टर एकेक नाव म्हणायची आणि ही पुस्तकांवरची धूळ झटकत पाठ करायची. शाळेची इमारत बदलली तेव्हा नकाशा अडगळीत निघाला. हिनं तो मागून घेतला आणि थेट आमच्या घरी आणला. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडे, जंगलाला लागून. मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या काठावर आमची ढिवरांची, मासेमारांची वस्ती. समुद्र आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलेला नाही.

मी तालुक्याच्या गावी हायस्कुलात शिकवते, तिथेच खोली करून एकटी राहते. पंचवीस वर्षं मुलांकडून बाल्टिक समुद्र, काळा समुद्र, कॅस्पियन घोकून घेतलेत. एवढ्या वर्षांत बाबांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही, की बाई, तू त्या पोरांना शिकवतेस तरी काय. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसंच समजून मी गप्प होते.

मग बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. ज्या माणसानं साठ वर्षं तलावावर घालवली तो ओसरीतल्या खाटेवर बसला. भाऊ पहाटे जाळं घेऊन जायचा, मी शनिवारी संध्याकाळी यायची. दिवसभर घरात उरायची ती भावजय. झिंगे निवडता निवडता ती त्यांना समुद्र सांगू लागली.

मी पहिल्यांदा ऐकलं तो शनिवार मला चांगला आठवतो. बसमधून उतरून अंगणात पाय ठेवला, तर आतून बाबांचा आवाज. ते काहीतरी म्हणत होते आणि मध्ये मध्ये अडखळत होते. "मारे... मारे सुएबिकुम."

"बराबर," भावजय म्हणाली. "न तिथी कोण राह्यते?"

"एस्तिई."

"ते काय वेचतेत?"

"पिवळा दगूड. समुद्राच्या काठावून."

मी बाहेरच थबकले. मारे सुएबिकुम म्हणजे आपला बाल्टिक, हे मला नंतर कळलं. तोच बाल्टिक, जो मी पंचवीस वर्षं फळ्यावर काढत आले. त्या काठच्या लोकांना म्हणे तो पिवळा दगड कशाला लागतो हेच ठाऊक नव्हतं. ते वेचून द्यायचे, आणि घेणारे त्याचे दागिने करायचे. बाबांना ही गोष्ट फार पटली होती. "आपल्या सूरजागडाच्या लोखंडाच्या डोंगरावानी," ते म्हणाले. "दगूड कोणाचा, न कामी येते कोणाच्या."

माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एकालाही असं कधी सुचलं नाही. आणि हे सुचवायला माझ्या बापाला माझी गरज लागली नव्हती.

त्या दोघांचा एक रिवाजच पडला होता. एक समुद्र तिनं सांगायचा, त्याच्या बदल्यात तलावातली एक जागा बाबांनी सांगायची. वरून बघणाऱ्याला आमचा तलाव म्हणजे नुसतं पाणी. पण पाण्याखालच्या खोल जागा, बुडालेली खोडं, चिखलाचे उतार, प्रत्येकाला बाबांच्या तोंडी एकेक नाव. म्हातारीची कपार. सासऱ्याचं खोड. कोरडी खोली, जिथे पाणी भरपूर पण मासा मिळत नाही. मी त्याच काठावर लहानाची मोठी झाले आणि मला त्यातली दोन-तीन नावं ठाऊक. भावजयीला तोवर वीस-बावीस पाठ झाली होती. एकदा मी सहज म्हणून बाबांना म्हटलं, "मलाही सांगा." ते म्हणाले, "तुले काय करायचं आहे बाई, तू तं शिकलेली आहे." मला ते बाई म्हणतात. तिला पोरी म्हणतात.

काळ्या समुद्राची गोष्ट तर मी दाराआडून ऐकली. त्याचं नाव पोंतुस युक्सिनुस, म्हणजे पाहुण्यांचं आगतस्वागत करणारा समुद्र. तो होता मात्र अतिशय वाईट, वादळांचा. "मंग असं नाव काऊन देलं?" असं भावजयीनंच बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "भेव वाटत असन म्हणून. जंगलात आपण नाई का वाघाचं नाव घेत? गोड बोललं का तोही गोड राह्यते." ती म्हणाली, "अस्संच आहे बाबा. सिस्टरनं हेच सांगतलं होतं." आणि बाबा असे हसले, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे हसू मी नोकरीला लागले त्या दिवशीही ऐकलं नव्हतं.

मग मीही कंबर कसली. चंद्रपूरला जाऊन चांगला मोठा पृथ्वीगोल विकत घेतला, स्टँडवर फिरणारा. बसमध्ये मांडीवर घेऊन आणला. बाबांच्या हातात दिला आणि म्हटलं, "हे बघा, खरं जग." ते दोन्ही हातांनी चाचपत राहिले. खालून वरून, गोल गोल. "गुळगुळीत आहे," ते म्हणाले. "याच्यात पाणी कोणतं न जमीन कोणती? सारं सारखंच लागते."

न दिसणाऱ्या माणसाला मी बघायची वस्तू आणली होती. बाईंची अक्कल. भाऊ तोंड फिरवून उभा राहिला. भावजय म्हणाली, "असू द्या नं बाई, काहीतरी करू."

पुढच्या शनिवारी आले, तर तिनं काहीतरी केलेलं होतं. जाळ्याचा दोरा घेऊन डिंकानं सगळ्या किनाऱ्यांवर चिकटवला होता. आफ्रिका, अरबस्तान, युरोपाच्या सगळ्या वाकड्यातिकड्या खाचा. बाबा एका बोटानं दोऱ्यावरून चालले होते आणि खाडी आली की थांबत होते. गोल माझा, पैसे माझे, आणि जग तिनं दाखवलं. मी तोंडभरून कौतुक केलं. आत जाऊन पाण्याचा तांब्या असा आदळला की त्याला पोचा पडला.

त्याच दिवशी बाबांचं बोट अरबस्तानाला वळसा घालून आपल्याकडे यायला निघालं होतं. मारे एरिथ्रेउम, तांबडा समुद्र. जुने लोक आपल्या अरबी समुद्रालाही तेच म्हणत. वाटेत, इराणच्या पुढच्या उजाड किनाऱ्यावर भावजयीनं त्यांचं बोट थांबवलं. "इथी इक्थिओफागी राह्यतेत, बाबा. म्हणजे मासे खाणारे लोक. दुसरं नावच नाई त्यायले."

बाबा ताठ बसले. "नकाशावर लिवलं आहे?"

"लिवलं आहे."

"म्हणजे आपलेच," बाबा म्हणाले. मग प्रश्नांवर प्रश्न. जाळं कशाचं विणतात? होडी आहे का? घरं कशाची? मोठ्या माशांच्या हाडांची घरं, जबड्याची दारं, हे ऐकून त्यांनी दोनदा विचारलं, जबड्याची? तो आठवडाभर वस्तीत जो येईल त्याला ते हेच सांगत होते, की आपली माणसं जगाच्या नकाशावर आहेत.

आता उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे तलाव उतरला की एक दिवस सगळ्या वस्तीनं मिळून मोठं जाळं ओढायचं असतं. त्या दिवशी घरच्या कर्त्याच्या वाट्याला आलेली पहिली मासोळी लेकीची. कुठेही दिलेली असो, तिनं त्या दिवशी यायचं, बापाच्या हातून ती घ्यायची आणि आपल्या घरी नेऊन खायची. मी एक साल चुकवलेलं नाही. भूगोल त्यांना तिच्या तोंडून गोड लागत असेल, लागो. मासोळी माझी होती. माझ्या मनात मी तेवढ्यावर टिकून होते.

यंदा भावानं बाबांना हाताला धरून काठावर नेलं. जाळं वर आलं. भावानं एक मरळ त्यांच्या हातात दिली, चांगली हातभर, वळवळणारी. मी पुढे झाले. बाबांनी मान वळवून हाक मारली, "पोरी, कुठी आहे? घे." आणि मरळ भावजयीच्या पदरात टाकली. चार बायका माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. भावजय गोरीमोरी झाली. "बाबा, बाई उभ्या आहेत नं," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "मालूम आहे."

घरी आल्यावर तिनं मरळ केली. बाबा आणि भाऊ जेवायला बसले, मला भूक नव्हती. मी त्यांच्यासमोर बसून मोबाईल काढला. त्या मासे खाणाऱ्या लोकांविषयी मी आधीच शोधून ठेवलं होतं. वेळ येईल तेव्हा उपयोगी पडेल, म्हणून. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या त्या लोकांबद्दल जुन्या लेखकांनी काय लिहिलंय ते ऐकायचंय?" आणि सांगायला लागले. की ते रानटी होते. केसाळ, नखं वाढलेली. नखांनीच मासा फाडून कच्चा खायचे. हे नाव त्यांचं नव्हेच, त्यांना हिणवायला बाहेरच्यांनी ठेवलेलं. लोकांना त्यांच्याजवळ उभं राहवत नसे. हे शेवटचं कुठे लिहिलेलं नव्हतं. ते मी घातलं.

भावजयीचा हात वाढता वाढता थांबला. भाऊ म्हणाला, "बस कर नं बाई." बाबा मात्र जेवत राहिले. घास संपल्यावर म्हणाले, "लिवणारा परका असन."

"हो, परकाच."

"मंग त्याचं काय. तू काऊन चिडली? मासोळीसाठी?"

मी म्हटलं, "दरसाल मला देता. यंदा काय झालं?"

"ती खाते," बाबा म्हणाले.

एवढंच. आवाज चढवला नाही. मग म्हणाले, "मार्कंड्याच्या जत्रेत एक बाई भेटली होती. तुयाकडच्या बसस्टँडवर फळं इकते. गावाचं नाव ऐकून वळखलं न पाया पडली माया. म्हणे, तुमची लेक लय मोठ्या मनाची, दरसाल तुमच्या हातची मासोळी मले देते. लेकरं वाट पाह्यतेत. म्या म्हटलं, चांगलं आहे."

माझ्या घरमालकाकडे मासे चालत नाहीत, हे खरं आहे. पण चालत असते तरी मी नेले नसते. शाळेत कोणाला वास यायला नको, कोणाला कळायला नको, म्हणून दरसाल ती पिशवी मी बसमधून उतरताच त्या बाईच्या टोपलीत ठेवायची आणि नळावर हात धुऊन, पर्समधला साबण लावून, खोलीवर जायची. बाबांना सांगायची, मस्त लागली.

"कधी भेटली ती?" मी विचारलं.

"डोये होते तवा. चार-पाच साल झाले."

म्हणजे चार-पाच सालं त्यांनी माहीत असून मला मासोळी दिली. आणि मी म्हणायची, मस्त लागली. आणि ते विचारायचे, मीठ बराबर होतं?

मी उठले, ताट घेतलं आणि भावजयीसमोर बसले. "मला वाढ," म्हटलं. तिनं भांड्यात पळी फिरवली, दोनदा. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मरळ संपली बाई. रस्सा आहे फक्त." तिच्या स्वतःच्या ताटात एक तुकडा होता, तो उचलून ती मला देऊ लागली. मी तिचा हात मागे सारला. अजूनही मला तिचा राग येत होता, तो त्या दिवशीही गेला नाही. मी म्हटलं, "रस्साच दे."

भातावर रस्सा घेतला आणि कालवायला लागले. ताटाचा आवाज ऐकून बाबांनी मान इकडे केली.

"कोण जेवून राह्यलं?"

"मी," मी म्हणाले.

लहानपणी सांगायचे त्याच आवाजात ते म्हणाले, "हळू खाजो, बाई. काटे असतेत."

रश्शात एकही काटा नव्हता. मी हळू खाल्लं.