नसीमसोबत दौलताबादला

नागपूरहून निघालेली बस सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या स्थानकात शिरली, तेव्हा झोप झाली नसली तरी मी ताजीतवानी होते. टेलिफोन खात्यातली नोकरी नुकतीच संपली होती. तरुणपणी इथल्या चित्रकला महाविद्यालयात मी दुसऱ्या वर्षापर्यंत शिकले; मग लग्न झालं, नागपूरला गेले, नोकरी लागली आणि ब्रश सुटला तो निवृत्तीपर्यंत. वर्गमैत्रीण नसीम इथंच राहिली आणि एका उर्दू शाळेत चित्रकला शिकवत राहिली. मोकळ्या झालो की दोघींनी दौलताबादसमोर बसून चित्रं काढायची, हे आमचं फोनवर कधीचं ठरलेलं.

दार नसीमनंच उघडलं. मी समोर उभी असूनही तिनं विचारलं, कोण आहे. आवाज ऐकल्यावर मिठी मारली आणि भिंतीला हात लावत मला आत नेलं. डोळ्यांचा पडदा खराब झालाय, मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं, असं तिनं चहा ओततानाच सांगून टाकलं. चहा बशीत सांडत होता.

“फोनवर का नाही बोललीस?”

“बोलले असते तर तू आली नसतीस.”

खरं होतं. मला आधी दया नाही, रागच आला. तिच्या भावजयीनं दुपारी नान आणि खलिया (मटणाचा झणझणीत पातळ रस्सा) वाढला.

दुसऱ्या दिवशी रिक्षा केली. छावणी मागं पडली, मिटमिटा गाव गेलं आणि थोड्या वेळानं किल्ल्याचा डोंगर दिसू लागला. वर निमुळता, खाली तासून काढल्यासारखा उभा कडा, पायथ्याशी मिनार. रस्त्याकडेला एका सीताफळवालीच्या शेजारी आम्ही बैठक मांडली. मी कागद चिकटवताना ती म्हणाली, “फोटूच काढून घ्या की बाई, झटक्यात व्हतंय.” नसीम हसली. मला हसू आलं नाही.

ऊन असं की रंग पसरण्याआधीच वाळे. वाऱ्यानं पाण्याचा डबा कलंडला. डोंगर कागदावर उपड्या पातेल्यासारखा उतरला, मिनार वाकडा झाला. शेजारी नसीम मान तिरकी करून बसली होती. डोळ्याच्या कडेनं डोंगर पाहायची तिची तीच रीत.

“कसं झालंय?” तिनं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. तिला कळलं नसतं.

“वाईट. शाळकरी पोरीनं काढल्यासारखं. हात राहिला नाही गं. आता काय उपयोग याचा?”

नसीमनं सीताफळ फोडलं, पण खाल्लं नाही.

“शैला, मी जन्मभर पोरांच्या आंब्यांना, झेंड्यांना मार्क देत राहिले,” ती सावकाश म्हणाली. “म्हटलं, माझं नंतर. तुझं वाईट होतंय, माझं होतच नाय. माझ्यासमोर तरी रडू नको. दुसरं काढ.”

मी दुसरा कागद घेतला. दुसरं चित्रही चांगलं झालं नाही. तिनं विचारलं, मी सांगितलं. मग ऊन असह्य झालं तसं आम्ही उठलो.

परतीच्या बसमध्ये निरोपसमारंभातली भाषणं आठवत होती. आता छंद जोपासा, असं प्रत्येकानं सांगितलं होतं. त्या शब्दाची मला चीड आली. नंतर करू म्हणून आम्ही दोघींनी जे बाजूला ठेवलं, ते कुणीही आमच्यासाठी राखून ठेवलेलं नव्हतं. माझा हात गेला, तिचे डोळे गेले, आणि मोकळा वेळ मात्र भरपूर उरला.

नसीमचा फोन अजून येतो. काय काढलंस, म्हणते. काहीतरी काढलेलं असतं. जमलं का, म्हणते. नाही, म्हणून सांगते. मग ती विचारते, “रंग कोणता लावला होतास?”